बारावीनंतर फॉरेन्सिक सायन्स : लेक ठाम, घर डळमळीत

खाडीपलीकडे | १९ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं इथे नुसती वाचत्ये, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही देवगड तालुक्यातले. हापूसची कलमं, थोडी काजू, यजमान दिवसभर बागेत. लेक बारावी सायन्स झाली. मार्क बरे आहेत, पण डॉक्टरकीला पुरतील इतके नाहीत आणि तिला तिकडे जायचंही नाही. म्हणते, फॉरेन्सिक सायन्सला जायचं. मला वाटलं सिरीयल बघून डोक्यात आलं असेल. तसं विचारलं तर म्हणे, "आई, सिरीयल तू बघतेस. मी नाही."

खरं कारण वेगळंच निघालं. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या वाडीत एक गडी फवारणीचं औषध पोटात जाऊन गेला. चुकून प्याला, मुद्दाम प्याला की कोणी दिलं, यावर गावाने आठवड्याभरात निकाल लावून टाकला. पोलिसांनी व्हिसेरा, म्हणजे पोटातले अवयव, तपासायला राखून ठेवलाय एवढंच आम्हाला कळलं. रिपोर्ट यायला कित्येक महिने गेले, आणि तो येईपर्यंत त्याच्या बायकोला विहिरीवरसुद्धा कोणी धड बोलत नव्हतं. त्या दिवसांत लेक एकदा विचारत होती, "तो रिपोर्ट नक्की लिहितं कोण?" ते तिच्या डोक्यातून गेलेलं नाही.

आता घरचं ऐका. सासूबाई म्हणतात, "मढां कापूक शिकतली? मगे तिच्या हातचा पाणी कोण पितलो?" यजमान गप्प, म्हणजे नाराज. आणि मला स्वतःला यातलं काही म्हणजे काही कळत नाही. खरंच प्रेतं हाताळावी लागतात का? कॉलेजं कुठे आहेत? पुढे नोकरी लागते का, की चार वर्षांनी परत बागेतच? जाणकारांनी खरं काय ते सांगा. गोड नको.

---

मिठाचा_खडा | १९ मे, रात्री १०:४०

ताई, आधी लेकीला हे शोधायला सांगा की दरवर्षी मार्चात माझ्या झाडावरचे पहिले दहा आंबे कोण नेतो. ठसे जपून ठेवलेत.

(चेष्टा केली. धागा वर राहावा म्हणून. जाणकार येतीलच.)

---

सीलबंद | १९ मे, रात्री ११:३१

मी राज्याच्या एका न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत विषशास्त्र विभागात आहे. कुठल्या शहरात ते सांगत नाही. तुमच्या लेकीचा प्रश्न वाचला आणि झोपायचं सोडून लिहायला बसले. तो रिपोर्ट आम्ही लिहितो.

आधी सासूबाईंचं. शवविच्छेदन डॉक्टर करतात. त्यासाठी एमबीबीएस लागतं, त्यातलंच तज्ज्ञ व्हायचं तर पुढे न्यायवैद्यकशास्त्रात एमडी, तो रस्ताच निराळा. फॉरेन्सिक सायन्सची पदवी घेतलेली मुलगी प्रेत कापत नाही. इतक्या वर्षांत मी एकही कापलेलं नाही. माझ्या टेबलावर येतात बाटल्या. रुंद तोंडाच्या, एकीत जठर आणि त्यातलं जे काही असेल ते, आतड्याचा तुकडा, दुसरीत यकृत, मूत्रपिंड, आणि हे सगळं मिठाच्या संपृक्त द्रावणात. हो, आपलं साधं मीठ. लोणचं टिकतं त्याच न्यायाने. रक्ताची छोटी बाटली वेगळी, तिच्यात सोडियम फ्लोराइड.

बाटली उघडण्याआधी मी काय करते ते सांगते, कारण हे कोणी दाखवत नाही. मी लाख बघते. बाटलीवर लाखेचं सील असतं आणि सोबतच्या पत्रावर त्याच सीलचा नमुना. दोन्ही शेजारी धरून ताडून पाहायचे. लेबलवरचं नाव, गुन्हा किंवा अकस्मात मृत्यूचा नंबर, पोलीस ठाणं, पत्रातला मजकूर, सगळं जुळलं पाहिजे. सील तडकलेलं असेल तर तसं लिहून ठेवायचं. दहा मिनिटं नुसती यात जातात आणि पुढे पाच वर्षांनी कोर्टात प्रश्न विचारतात तो याच दहा मिनिटांवर. आतल्या रसायनावर क्वचितच.

मग ऊतक बारीक करायचं, द्रावकात अर्क काढायचा, गाळायचा, आटवायचा. थेंब टीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या, पातळ पट्टीवर ठेवायचा, पट्टी द्रावकात उभी करायची, वर अभिकर्मक फवारायचा आणि डाग कुठवर चढलाय ते माहीत असलेल्या नमुन्याशेजारी बघायचं. पक्कं करायला जीसी-एमएस, म्हणजे घटक वेगळे करून ओळखणारं यंत्र, किंवा तसलं दुसरं. तुमच्याकडे बागेत वापरतात त्यातली ऑर्गनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं आम्हाला फार सापडतात. बाटलीचं झाकण काढल्यावर कधी कधी लसणासारखा वास येतो आणि अंदाज येतो, पण वासावर रिपोर्ट लिहीत नाहीत.

रिपोर्टात काय लिहितो? अमुक विष आढळलं किंवा आढळलं नाही. बस. आत्महत्या, खून, अपघात यातलं एक अक्षर नाही. ते आमचं कामच नाही. आणि "आढळलं नाही" म्हणजे दिलंच नव्हतं असंही नव्हे. माणूस चार दिवस दवाखान्यात जगला, ओकला, पोट धुतलं गेलं, तर उरतं काय? हे मी कोर्टात तीन वेळा समजावून सांगितलंय.

आमच्या विभागात बायका जास्त आहेत, पुरुष कमी. सगळ्यांच्या हातचं पाणी घरचे पितात.

---

खाडीपलीकडे | २० मे, सकाळी ६:५०

सीलबंद ताई, तुमचं लेकीला वाचून दाखवलं. मिठाच्या पाण्याचं ऐकून सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि मग लोणच्याच्या बरणीकडे बघत राहिल्या. बोलल्या काही नाहीत. हे चांगलं लक्षण की वाईट ते कळायला वेळ लागेल.

---

पिपेट | २० मे, सकाळी ९:१५

मी रत्नागिरी जिल्ह्यात रसायनशास्त्र शिकवतो. माझं मत थोडं कडू आहे.

मुलीला फॉरेन्सिकमध्येच जायचं असलं तरी आधी साधं बीएस्सी करू दे, रसायनशास्त्र घेऊन. जवळच्या कॉलेजात होतं, खर्च कमी, आणि पुढे मन बदललं तर औषध कंपनी, अन्न तपासणी, शिक्षकी, दहा दारं उघडी. एमएस्सीला फॉरेन्सिक घेता येतं. सतराव्या वर्षी एकाच दारावर सगळं लावायचं कशाला? शिवाय प्रयोगशाळेतल्या बऱ्याच पदांच्या जाहिरातींत रसायनशास्त्राची पदवी चालते. म्हणजे फॉरेन्सिकवाल्यांना साध्या केमिस्ट्रीवाल्यांशी स्पर्धा करावी लागते, उलटं मात्र होत नाही.

---

बांद्यावरून | २० मे, दुपारी १:०५

पिपेट सर म्हणतात तोच रस्ता मी धरला. सावंतवाडीकडे बीएस्सी केमिस्ट्री केलं, आता राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाच्या गोवा कॅम्पसला एमएस्सी करतोय. कॅम्पस फोंड्याला आहे. सिंधुदुर्गातल्या मुलांना हे माहीतच नसतं म्हणून सांगतो. मुंबईपेक्षा हे आपल्याला जवळ.

मूळ विद्यापीठ गांधीनगरचं. २००९ साली गुजरातचं राज्य विद्यापीठ म्हणून सुरू झालं, २०२० च्या कायद्याने केंद्राचं झालं, मग ठिकठिकाणी कॅम्पस निघाले. प्रवेश परीक्षा असते, तिला एनफॅट म्हणतात. बारावीनंतरचा पाच वर्षांचा सलग बीएस्सी-एमएस्सी अभ्यासक्रमही या विद्यापीठात आहे. पण कुठल्या कॅम्पसला काय चालू आहे हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघा, मागच्या वर्षीच्या व्हिडिओवर जाऊ नका.

महाराष्ट्रात सरकारी म्हणाल तर शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. खासगी कॉलेजं बरीच निघालीत, त्याबद्दल कोणीतरी लिहीलच.

पण सर, एका गोष्टीत मी तुमच्याशी सहमत नाही. मी केमिस्ट्रीतून आलो आणि पहिल्या सत्रात माझी वाट लागली. रसायन येत होतं, पण पुराव्याचा कायदा, रक्तशास्त्र, हस्ताक्षर, बोटांचे ठसे, बंदुकीच्या गोळीवरच्या रेघा, हे सगळं एकदम अंगावर आलं. शेजारी बसणारी मुलगी बीएस्सी फॉरेन्सिक करून आलेली. तिला घटनास्थळाचा नकाशा डोळे झाकून काढता यायचा. मी दार कुठल्या बाजूला उघडतं तेच दाखवायला विसरलो होतो.

एक गंमत सांगतो. रक्ताची प्राथमिक चाचणी असते, फिनॉल्फथॅलीनची. कापूस डागावर घासायचा, एकामागून एक दोन-तीन थेंब टाकायचे, रक्त असेल तर शेवटच्या थेंबाला कापूस झटकन गुलाबी होतो. मी घरून कोकमाचे डाग पडलेला पंचा नेला होता. वाळल्यावर दिसायला हुबेहूब रक्त. तो काही गुलाबी झाला नाही, मी खूश. मग मॅडमनी एका भाजीचा रस घेतला आणि तो गुलाबी करून दाखवला! काही भाज्यांत पेरॉक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, त्याने चाचणी फसते. म्हणून या चाचणीवर "रक्त असावं" इतकंच म्हणायचं, पुढच्या चाचण्या झाल्याशिवाय "रक्त आहे" म्हणायचं नाही. "असावं" आणि "आहे" यांतला फरक आम्हाला दोन वर्षं शिकवतात असं म्हटलं तरी चालेल.

---

चाकरमानी_डोंबिवली | २० मे, रात्री ८:२२

खासगीचं मी लिहितो. हात पोळलेत.

माझ्या पुतण्याने मुंबईजवळच्या एका कॉलेजात बीएस्सी फॉरेन्सिक केलं. नाव घेत नाही. माहितीपत्रकावर पांढरा कोट, भिंग, पिवळी पट्टी, सगळं. प्रत्यक्षात साठ मुलांत ठशांच्या पावडरीची एक डबी आणि एक ब्रश. तुलना करायचा सूक्ष्मदर्शक काचेच्या कपाटात, कपाटाची किल्ली सरांकडे, सर अर्धवेळ. तिसऱ्या वर्षापर्यंत पोराने जीसी यंत्राचं फक्त चित्र पाहिलं होतं. फी मात्र पूर्ण.

ताई, जिथे घालाल तिथे आधी स्वतः जाऊन प्रयोगशाळा बघा. यंत्र चालू करून दाखवा म्हणा. लाज वाटून घेऊ नका, गाय विकत घेतानासुद्धा आपण दूध काढून बघतो.

---

निवृत्त_हवालदार | २१ मे, सकाळी ७:३०

३४ वर्षं नोकरी केली, बहुतेक सगळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावर. मुलांनी हे टायपिंग शिकवलं, तेव्हा सावकाश लिहितो.

सीलबंद मॅडमकडे जी बाटली जाते ती घेऊन जाणारा मी. पूर्वी हवालदार किंवा शिपाई मुद्देमाल घेऊन रातराणी एसटीने मुंबई नाहीतर कोल्हापूर गाठायचा. खोकं मांडीवर. वर टाकता येत नाही, खाली ठेवता येत नाही, झोपता येत नाही. शेजारचा हमखास विचारणार, "काय, आंबे काय?" मी म्हणायचो होय. सकाळी प्रयोगशाळेत रांग, मग पोच मिळायची. ती पोच हरवली तर नोकरी हरवली. आता रत्नागिरीतही छोटी प्रयोगशाळा झाली, फिरत्या व्हॅन आल्या, पोरांचं बरं आहे.

आमच्या चुकांबद्दल लिहितो, म्हणजे त्या मुलीला कळेल हे शिक्षण कशाला हवं. मी नोकरीत नवा असताना, आषाढात, एक मारामारीचा गुन्हा. रक्ताने भिजलेला शर्ट पंचांसमक्ष जप्त केला. बाहेर पाऊस धो धो. शर्ट भिजू नये म्हणून मी शहाणपणाने प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, वर गाठ, वर सील. मुद्देमाल खोलीत तीन आठवडे. पाठवायच्या वेळी पिशवी बघतो तर आत हिरवी-काळी बुरशी, आणि वास असा की कारकून बाहेर पळाला. रिपोर्ट आला, रक्तगट ठरवता आला नाही. साहेबांनी मला जे सुनावलं ते इथे लिहिता येत नाही. कपडा सावलीत वाळवायचा आणि कागदात बांधायचा, प्लॅस्टिकात नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आपल्याकडच्या दमट हवेत तर आणखी जपावं लागतं. हे पहिल्याच वर्षी शिकून आलेली पोर तिथे असती तर?

दुसरं बुडालेल्यांचं. किनाऱ्यावर नोकरी म्हणजे हे आलंच. एकदा खाडीच्या तोंडाशी बॉडी मिळाली. पोलीस पाटलाचा फोन, आम्ही गेलो, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा, डॉक्टरांनी हाड राखून ठेवलं आणि विचारलं, "पाण्याचा नमुना घेतलात ना?" नव्हता घेतला. कशाला लागतं पाणी, असं वाटलेलं. दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन गेलो तर भरती. साहेब म्हणाले, आता हे पाणी समुद्राचं की नदीचं? आणि तो बुडाला तो इथे की वर पुलाजवळ? उत्तर कोणाकडेच नव्हतं. हाड आणि पाणी यांचा काय संबंध ते मॅडम सांगतील.

---

सीलबंद | २१ मे, रात्री ९:५८

काका, नमस्कार. मांडीवर खोकं घेऊन आलेल्या तुमच्यासारख्यांना आम्ही रांगेत उभं केलंय, त्याबद्दल माफी.

पाण्याचं सांगते. हा माझा आवडता भाग. पाण्यात डायटम नावाची एकपेशीय शैवालं असतात. त्यांचं कवच सिलिकाचं, म्हणजे जवळजवळ काचेचंच. सूक्ष्मदर्शकाखाली काही होडीसारखी दिसतात, काही नक्षीच्या थाळीसारखी. माणूस जिवंत असताना बुडाला तर पाणी श्वासाबरोबर फुप्फुसात जातं, त्यातले बारीक डायटम रक्तात उतरतात आणि हृदय धडधडतंय तोवर रक्त त्यांना शरीरभर नेतं, अगदी हाडाच्या मगजापर्यंत. मेल्यावर पाण्यात टाकलं तर पाणी फुप्फुसात शिरेल, पण रक्तच थांबलेलं. मगजात नेणार कोण?

म्हणून मांडीच्या हाडातला मगज काढून तीव्र नायट्रिक आम्लात शिजवायचा. सगळं विरघळतं, काचेचं कवच मात्र उरतं. धुवायचं, यंत्रात फिरवून तळाशी बसवायचं, काचपट्टीवर घ्यायचं. मग जिथून बॉडी मिळाली तिथल्या पाण्यातले डायटम आणि हे, एका जातीचे आहेत का ते बघायचं. गोड्या पाण्यातले वेगळे, खाऱ्यातले वेगळे, खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातले आणखी वेगळे. काकांच्या साहेबांना पडलेला प्रश्न म्हणूनच अगदी बरोबर होता. सापडला तिथलं आणि बुडाला असावा असं वाटतं तिथलं, दोन्ही पाणी हवं, आणि लवकर.

पण यातही मेख आहे, आणि ती किनाऱ्यावरच्या माणसाला लगेच कळेल. डायटम अन्नातूनही पोटात जातात, विशेषतः शिंपल्यांतून. जन्मभर तिसऱ्या आणि कालवं खाल्लेला माणूस असेल तर? त्यामुळे या चाचणीवर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत आणि एकट्या डायटमवर कोणी निष्कर्ष काढू नये. डॉक्टरांची निरीक्षणं, घटनास्थळ, सगळं जोडून बघायचं.

पिपेट सर, तुमचं म्हणणं मी खोडत नाही. मी स्वतः केमिस्ट्रीची. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७६(३) आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं. राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांपर्यंतची मुदत दिलीय. म्हणजे बाटली यायची वाट बघणारे माझ्यासारखे पुरणार नाहीत, काकांबरोबर चिखलात उतरणारे लागणार. ते शिक्षण केमिस्ट्रीच्या पदवीत मिळत नाही.

---

पिपेट | २१ मे, रात्री १०:२०

कायद्यात लिहिलं म्हणून पदं भरली जातात का, मॅडम? जाहिरात निघायला वर्षं, निकालाला वर्ष, मध्येच कोर्ट. माझे दोन विद्यार्थी वयोमर्यादेच्या काठावर आहेत.

---

सीलबंद | २१ मे, रात्री १०:२६

नाही भरली जात. हे तुमचं शंभर टक्के खरं. त्यांना सांगा केंद्रीय प्रयोगशाळांच्या जाहिरातीही बघत राहा.

---

काळा_कोट | २२ मे, सायंकाळी ६:४५

चिपळूणला वकिली करतो. दिवाणी जास्त, फौजदारी अधूनमधून. दोन गोष्टी भर घालतो.

मंडळी खून, विष, बुडणं यावरच अडकलीत. कोकणात फॉरेन्सिकची खरी गरज विचाराल तर ती जमिनीच्या कागदांत आहे. सातबारावर बावीस सहहिस्सेदार, त्यातले पंधरा मुंबईत, दोन वारलेले. अशात एक कुलमुखत्यारपत्र निघतं, खाली आजोबांची सही. आजोबांनी सही केली तेव्हा हात थरथरत होता म्हणे, पण सही बघावी तर रेघ अशी ठाम की शाळेतल्या मुलाने गिरवावी. खोटी सही करणारा आकार बरोबर आणतो, वेग आणू शकत नाही. पेन कुठे उचललं, कुठे थांबलं, दाब कुठे वाढला, हे भिंगाखाली दिसतं. मात्र ताडून पाहायला निर्विवाद सह्या हव्यात, त्याच काळातल्या. बँकेचा अर्ज, शाळेचं रजिस्टर, सोसायटीचं बुक. आमचे पक्षकार काल घरी कागदावर करून घेतलेली सही आणून देतात! लेकीला सांगा, हस्ताक्षर आणि बोटांचे ठसे यांचं सरकारी काम आपल्याकडे मुख्यतः राज्याच्या सीआयडीकडे, पुण्याला. सीलबंद मॅडमच्या प्रयोगशाळेत नाही. खासगी तज्ज्ञही असतात, त्यांना कोर्टात आम्ही जास्त सोलतो.

दुसरं, मोबाईल आणि सीसीटीव्ही. आता प्रत्येक प्रकरणात एक पेन ड्राइव्ह असतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्याच्याबरोबर प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने निघणारा ठरावीक आकडा, लिहायची. एक अक्षर बदललं तरी हॅश बदलते, म्हणजे ही एक प्रकारची लाखच. काकांची मेणबत्तीवर वितळायची, ही संगणकात. या शाखेला खासगीतही मागणी आहे, बँका आणि विमा कंपन्या माणसं घेतात.

एक गैरसमज जाता जाता. नार्को चाचणीत माणूस सगळं ओकतो असं टीव्हीवर दाखवतात. २०१० मध्ये सेल्वी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग करता येत नाही.

आणि साक्ष. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल तो स्वतः न येताही वाचता येतो, तशी तरतूद आहे, पण कोर्ट बोलावू शकतं. पिंजऱ्यात उभं राहून माझ्यासारख्या माणसाचे तिरके प्रश्न झेलायची तयारी हवी. पोर भांडकुदळ आहे का?

---

खाडीपलीकडे | २२ मे, रात्री ९:०३

भांडकुदळ नाही. पण "असावं" म्हटलेलं तिला चालत नाही, लहानपणापासून. भाकरी झाली असावी म्हटलं की उठून तव्यावर बघायला जाते.

---

मिठाचा_खडा | २२ मे, रात्री ९:१०

काळा कोट साहेब, बावीस सहहिस्सेदार म्हणजे आमच्याच घरची केस दिसते. फी पाठवू नका.

बाकी गंभीरपणे, बांद्याच्या नाक्यावर पकडतात त्या गोव्याच्या बाटल्याही यांच्याकडेच तपासायला जातात का?

---

सीलबंद | २२ मे, रात्री ९:४४

जातात. दारूबंदीचे नमुने आमच्याकडे ढिगाने येतात, आणि नव्या मुलांना बऱ्याचदा तिथेच बसवतात. रोज तेच. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल आहे का, बाटलीत किती टक्के आहे. मुलं कंटाळतात. मी त्यांना २०१५ च्या जूनची आठवण देते. मालाडच्या मालवणीत हातभट्टीत मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, होतं आणि शंभरावर माणसं गेली. इथेनॉल आणि मिथेनॉल दोन्ही पाण्यासारखी, प्यायला बसलेल्याला फरक काय कळणार? जीसीच्या कागदावर मात्र दोन वेगळी शिखरं येतात, थोड्या अंतरावर. कंटाळलेल्या माणसाच्या नजरेतून ते दुसरं शिखर सुटू शकतं.

ताई, तुम्ही गोड नको म्हणालात म्हणून हेही लिहिते. या कामात नव्वद टक्के एकसुरीपणा आहे, प्रकरणांचा डोंगर आहे, तुमच्या शेजारच्या वाडीतल्या बाईला जे महिने काढावे लागले त्यात आमच्या कपाटात पडून राहिलेले महिनेही आहेत. त्याचं मला वाईट वाटतं. पण बाटली उघडली की त्या दिवशी तिच्यावर दुसरं काही ठेवत नाही.

---

खाडीपलीकडे | १४ जून, दुपारी ३:२०

मंडळी, उशिरा लिहितेय. पाऊस सुरू झाला, आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती.

चाकरमानी भाऊंचं ऐकून आम्ही दोन ठिकाणी जाऊन आलो. एका खासगी कॉलेजात यंत्र चालू करून दाखवा म्हटलं तर ऑपरेटर रजेवर. यजमान मागे वळून थेट स्टँडवर. लेकीने मुंबईच्या शासकीय संस्थेचा अर्ज भरलाय आणि पिपेट सर, तुमचा मान ठेवून जवळच्या कॉलेजात केमिस्ट्रीचाही. जे आधी लागेल ते असं नाही हं, मुंबई लागली तर मुंबई. गोवा एमएस्सीला बघू.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. वीज नव्हती त्या संध्याकाळी लेकीने कंदिलाच्या काचेची काजळी खरवडली, तिच्या जुन्या रंगाच्या मऊ ब्रशने स्टीलच्या तांब्यावर हळूच फिरवली, वर सेलोटेप दाबला आणि उचलून पांढऱ्या कागदावर चिकटवला. माझ्या अंगठ्याचा ठसा, रेघ न् रेघ. यजमानांचा आला. मग आजीचा घेतला तर नुसता धब्बा. दोनदा, तीनदा. तेव्हा आठवलं, रेशन दुकानातल्या मशीनवर पण सासूबाईंचा अंगठा कधी उठत नाही, दर महिन्याला डोळ्याचं नाहीतर ओटीपीचं नाटक. वीस वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या त्यांनी, सालीच्या तेलाने बोटं भाजून भाजून रेघा गेल्या. लेक म्हणाली, आजी, खालची कातडी शाबूत आहे, काही महिने काजूला हात लावू नकोस, त्याच रेघा परत वर येतील, अगदी जशा होत्या तशा.

सासूबाईंनी कंदिलाजवळ बोट धरून बराच वेळ बघितलं. मग म्हणतात, "म्हणजे मी आता चोरी केलंय तरी गावाचंय नाय!"

मुंबईत मुलींच्या वसतिगृहाबद्दल कोणाला माहिती असेल तर कृपया कळवा. चर्चगेट किंवा सांताक्रूझ, कुठेही चालेल. मेस कोकणी नसली तरी हरकत नाही, पण मासे मिळावेत.

---

मिठाचा_खडा | १४ जून, दुपारी ३:२९

आजींना आमच्या आंब्याच्या बागेजवळ फिरकू देऊ नका.